चाकं लावलेला पाट

आमच्या घरी सागवानी पाटांची एक जोडी आहे. चारी कोपऱ्यांना पितळी फुलं, मधोमध एक मोठं फूल. आईच्या लग्नात तिच्या वडिलांनी साताऱ्याच्या सुताराकडून करवून घेतलेले. माझ्या वडिलांची नोकरी दिल्लीत, केंद्र सरकारात. म्हणून गोधडीत गुंडाळून आगगाडीने सरोजिनी नगरच्या क्वार्टरपर्यंत आलेले. पैकी एक पाट वरून पाहिलात तर आजही कुणाच्याही मुंजीला शोभेल. उलटा केलात तर खालच्या पट्ट्यांना आरपार भोकं दिसतील. ती भोकं माझी. स्वतःच्या हाताने मी आयुष्यात काही घडवलं असेल तर तेवढंच. बाकी बहुतेक मोडलंच, आणि त्यात माझं डावं मनगट दोनदा येतं.

पहिल्यांदा मोडलं तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा एक भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत फॉरीनहून आला आणि येताना स्केटबोर्ड घेऊन आला. आम्ही तोवर असली वस्तू फक्त मासिकात पाहिलेली. तो भाचा ब्लॉकमागच्या काँक्रीटच्या गल्लीत त्या फळीवर उभा राहून सुळ्ळकन निघून जायचा, आणि आम्ही सगळे पळत त्याच्या मागे. बोर्डाला हात लावू द्यायचा नाही. चाक फिरवून बघू द्यायचा, ते सुद्धा रांगेत. सुट्टी संपली, तो गेला, बोर्ड गेला. आणि माझ्या डोक्यात मात्र ते चाक फिरतच राहिलं.

चाकांचा प्रश्न वडिलांनी नकळत सोडवला. स्कूटरचे पार्ट घ्यायला ते शनिवारी करोल बागेत जायचे आणि मला मागे बसवून न्यायचे. तिथल्या एका दुकानात झिजलेली बेअरिंग रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलेली असत. मी वडिलांना सांगितलं की शाळेत घर्षणावर प्रोजेक्ट आहे. सरकारी नोकरीतल्या माणसाचा मुलगा आपण होऊन घर्षणावर बोलतो, हे ऐकून वडील इतके खूश झाले की दुकानदाराशी त्यांनीच बोलणं केलं. परतताना स्कूटरवर ते मला न्यूटनचे नियम समजावत होते, आणि माझ्या खिशातून रॉकेल झिरपून चड्डी ओली होत होती.

फळीचा प्रश्न मी सोडवला. प्लायवूड वाकायचं, पेटीच्या फळ्या चिरायच्या. मग एके दुपारी माळ्यावर पाट दिसले. सागवान, गुळगुळीत, माझं वजन सहज पेलतील असे. आणि पाटाला खाली दोन आडव्या पट्ट्या असतातच. मला तर त्या सुताराने चाकांसाठीच ठोकल्यासारख्या वाटल्या. आमच्याकडे तोवर जेवायला टेबल आलं होतं. पाट खाली उतरायचे ते वाढदिवसाला आणि भाऊबीजेला. वाढदिवस सगळ्यांचे होऊन गेले होते, भाऊबीज दिवाळीत. म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही, असा माझा हिशेब.

ज्यांनी लोखंडी बेअरिंगची गाडी काँक्रीटवर ऐकलेली नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. पत्र्याच्या छपरावर कुणी खिळ्यांचं पोतं ओतावं आणि ओततच राहावं, तसा. दुपारी झोपलेला अख्खा ब्लॉक उठून बाल्कनीत यायचा. पंपाच्या खोलीमागे एक उतार होता, तिथे मी पाटावर उभा राहून खाली यायचो. मधलं पितळी फूल पायाखाली, त्यावर उजवा पाय. दिसायला मी, मला वाटे, थेट त्या भाच्यासारखा. पाटाला वळता येत नसे आणि थांबता येत नसे. उताराच्या शेवटी मेंदीचं कुंपण होतं. तोच आमचा ब्रेक.

गुडघे, कोपरं रोज सोलून निघत. आईने विचारलं, तर मी विकेटकीपिंग करतो म्हणून सांगितलं. आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलगा पडतो एवढं कळलं. आता, महाराष्ट्रात पानिपत म्हटलं की माणसं उसासा टाकतात. आमच्याकडे पानिपत म्हणजे पांघरुणं. दर थंडीच्या आधी आई शेजारणींबरोबर तिथे जाऊन रजया आणि खेस, म्हणजे त्या जाड सुती चादरी, घेऊन यायची. त्यातलाच एक जुना खेस फाडून, आत रजईतला कापूस भरून तिने माझ्यासाठी गुडघ्यांना आणि कोपरांना बांधायचे पट्टे शिवले. नाडीवाले. हिरव्या-लाल चौकड्यांचे. मी ते घरातून बांधून निघायचो आणि जिन्याच्या वळणावर सोडून इलेक्ट्रिक मीटरच्या मागे कोंबायचो. आज दुकानात तसल्याच पट्ट्यांना 'प्रोटेक्टिव्ह गिअर' म्हणतात आणि मुलं ते घालून मिरवतात. आई थोडी आधी जन्माला आली.

मग पावसाळा आला. पाट पंपाच्या खोलीत भिजला, बोल्ट गंजले. आणि मग, कुणाला न विचारता, दिवाळी आली.

भाऊबीजेच्या सकाळी माझ्या हातात पाना होता आणि चाकं निघत नव्हती. आई स्वयंपाकघरातून ओरडली की माळ्यावर एकच पाट कसा. मी म्हणालो, दुसरा मी आधीच काढून पुसतोय, आज मीच पाट मांडतो. आईने क्षणभर माझ्याकडे संशयाने पाहिलं. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तर उघड हसली. पण सणाचा दिवस, माणसाला सुधारायची संधी द्यावी म्हणून दोघी गप्प बसल्या. मी बैठकीच्या खोलीत पाट ठेवला, त्यावर खेस असा घातला की चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबेल. आमच्या क्वार्टरच्या फरशीला मागच्या भिंतीकडे जरासा उतार होता, कंत्राटदाराची कृपा. म्हणून चाकांना अटकाव करायला घरातलं वर्तमानपत्र घडी करून खाली सारलं. ताईने भोवती रांगोळी काढली. मी अत्यंत सावकाश, पुढाऱ्याने उपोषणाला बसावं तसा, पाटावर बसलो.

वडील तेव्हा खोलीत काहीतरी शोधत फिरत होते. दिवाळीत पेपरवाले सुट्टी घेतात, त्यामुळे शेवटचा आलेला पेपर ते पुरवून पुरवून वाचत. खेसाच्या कडेखालून त्यांना पेपरचं टोक दिसलं. त्यांनी वाकून तो अलगद ओढून घेतला, झटकला, आणि खुर्चीत जाऊन बसले.

ताई ताट घेऊन समोर आली. तिला कुंकू लावायची एक पद्धत होती: टपाल कचेरीत शिक्का मारतात तसा अंगठा कपाळावर दाबायचा, आणि मग वर ओढायचा. तिने अंगठा कुंकवात बुडवला, माझ्या कपाळावर टेकवला, दाबला, आणि मी निघालो.

मागे. बसल्या बसल्या. मांडी घातलेली, टोपी डोक्यावर, चेहऱ्यावर तोच भक्तिभाव. रांगोळीतून दोन रेघा ओढत. ताईचा अंगठा हवेत तसाच राहिला. वडिलांनी पेपर खाली करून मला जाताना पाहिलं. नंतर ते म्हणायचे की घर्षण म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं, म्हणजे ते नसलं की काय होतं ते.

मागच्या भिंतीशी पानिपतच्या रजयांची छातीइतकी चळत होती. मी नुसता अंग सैल सोडून गेलो असतो तर त्या चळतीत रुतून बसलो असतो आणि ही गोष्ट विनोदातच संपली असती. पण माणूस पडायला लागला की हात टेकतो. मी डावा हात ताठ करून मागे फरशीवर रोवला. आवाज आला. खडू मोडतो तसा, लहानसा.

हॉस्पिटलमध्ये प्लास्टर घालताना डॉक्टर विचारत होते, "बेटा, गिरते वक़्त हाथ क्यों लगाया?" आणि मी आईकडे बघत होतो. ती पाटाबद्दल काय बोलणार, एवढीच मला धास्ती. माहेरचा पाट तिने उलटा करून पाहिला होता, मी पाहिलं होतं तिला पाहताना. ती बाकावर बसून होती, सणाची साडी तशीच, हातात माझी टोपी. टोपीची घडी घालत म्हणाली, "गुडघ्यांचे शिवले, कोपरांचे शिवले. मनगटांचं मला सुचलंच नाही रे."

पाटाबद्दल ती बोलली. ऑटोत बसल्यावर बोलली, घरी येईपर्यंत बोलली, आणि पुढे कित्येक वर्षं बोलली. पण पहिलं वाक्य ते होतं.

पाटाची चाकं वडिलांनी करवतीने कापून काढली. पुढच्या भाऊबीजेपासून मला त्याच पाटावर बसवण्यात येऊ लागलं, आणि ताई कुंकू लावण्याआधी दर वर्षी एक हात माझ्या मानेमागे धरू लागली. ताई आता पुण्यात आहे. भाऊबीजेला व्हिडिओ कॉलवर ओवाळते आणि म्हणते, "पाट तपासलास ना?"

इतकं झाल्यावर तुम्हाला वाटेल की माझी मुलगी स्केटबोर्ड मागेल तेव्हा मी नाही म्हणेन. उलट मी इतक्या लगेच हो म्हणालो की बायकोला संशय आला, बोर्ड नक्की कुणासाठी येतोय. आम्ही आता गुडगावला एका सोसायटीत राहतो, आई आमच्याबरोबर असते. मुलगी पंधरा पूर्ण करत आलेली, मराठी बोलते पण मध्ये मध्ये शब्द गळतात. पाटाला ती हिंदीसारखं चौकी म्हणते. पोडियमच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेल्या बागेच्या, फरसबंद वाटेवर ती वर्षभर शिकली, बघता बघता माझ्या भाच्याच्या, म्हणजे त्या फॉरीनच्या भाच्याच्या, पुढे गेली. मग तिच्या मैत्रिणींचं ठरलं की तिच्या वाढदिवसाला सगळ्यांनी मोठ्या स्केटपार्कमध्ये जायचं, आणि तिने पहिल्यांदा मोठ्या रॅम्पवरून उतरायचं. ती त्यासाठी दिवस मोजत होती.

आईने नाही म्हटलं. पोडियमवर ठीक, तो उंच उतार नको. आमच्या घरी आईचं नाही हे सरकारी असतं, अपील माझ्यामार्फत. तिचं म्हणणं एवढंच, "मनगट मोडायला या घरात एक पुरे."

मी ते अपील माझ्या पद्धतीने चालवलं. हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड, कोपरांचे पॅड आणि मनगटांचे गार्ड, ज्यात तळहाताशी प्लास्टिकची वाकडी पट्टी असते, असा सगळा साज मोठ्यांच्या मापाचा आणला. ठरवलं की आईला पोडियमवर बाकावर बसवायचं आणि मी स्वतः बोर्डावर उभा राहून दाखवायचं की आजकाल यात धोका उरलेला नाही. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस पडत नाही, तर पंधरा वर्षांची पोर कशी पडेल? युक्तिवाद बिनतोड होता. आईबरोबर संध्याकाळी फिरणाऱ्या चारचौघी बायकाही बाकावर येऊन बसल्या, त्यामुळे मला जरा जास्तच चेव आला.

मुलीने माझ्या पॅडच्या पट्ट्या तपासल्या, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतका घट्ट केला, मला गुडघे वाकवून उभं राहायला लावलं. मग मला सुचलं की याचा व्हिडिओ हवा, ताईला पाठवायला. मोबाइल हातात धरून आपलाच काढू. पण त्या गार्डमधून अंगठा स्क्रीनवर पोचेना. मी दोन्ही गार्ड काढून खिशात घातले.

"बाबा, गार्ड घाल," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, अगं, दोन मिनिटं.

"बाबा, यार. सगळ्यात आधी मनगटच मोडतं."

मी निघालो होतो. आणि गेलो सुद्धा, बऱ्यापैकी, हवा लागत होती, क्षणभर पायाखाली ते पितळी फूल आहे असं वाटलं, पंपाच्या खोलीमागचा उतार, मेंदीचा वास. सोसायटीच्या माळ्याने कुंड्यांभोवती शोभेचे पांढरे खडे टाकलेत. त्यातला एक वाटेवर आला होता. शेंगदाण्याएवढा. बोर्ड तिथे थांबला आणि मी थांबलो नाही.

गुडघ्यांना काही झालं नाही. कोपरांना नाही. डोक्याला तर नाहीच, डोक्यात तसंही काही मोडण्यासारखं नव्हतं. मी पालथा पडलो होतो, डावा हात पुढे ताठ, आणि तो जुना ओळखीचा आवाज मी ऐकला होता. बाकावर बायका उभ्या राहिल्या. आई बसूनच होती. ती शांतपणे म्हणाली, "हात टेकलास."

हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं. घरी आल्यावर आईने सांगितलं आणि बायकोने स्टुलावर चढून बोर्ड माळ्यावर ठेवला, पाटांच्या शेजारी. मुलगी माझ्या प्लास्टरकडे बघत होती. मला वाटलं, मला कसं वाटतंय विचारेल. ती म्हणाली, "बाबा, तू माझी केस लढत होतास की आजीची?"

त्यानंतर ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. वाढदिवस जवळ येत होता, मैत्रिणींचे मेसेज येत होते, आणि ती मोबाइल उलटा करून ठेवत होती. माझ्या जिवाला ते लागलं. मनगट महिनाभरात भरतं. पंधराव्या वाढदिवसाला न केलेली गोष्ट भरत नाही, हे मला त्या भाच्याच्या बोर्डापासून ठाऊक होतं.

वाढदिवसाच्या आदल्या दुपारी आई माझ्यासाठी हळद घातलेलं दूध घेऊन आली. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "एक सांग. तिला पडता येतं का?"

मी म्हणालो, ती पडतच नाही फारशी.

"ते नाही विचारलं मी. तुलाही चालवता यायचं. पडता यायचं नाही."

वर्षभर मी खाली जाऊन फक्त ती बोर्ड कसा चालवते ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला. तोच, भोकांचा. आईला आता खाली वाकता येत नाही, म्हणून ती खुर्चीत, समोर पाटावर मुलगी. आईने तिला ओवाळलं, कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. मुलगी नमस्कार करून उठणार, तोच आई म्हणाली, "तुझा तो बोर्ड काढ. आणि ते सगळं अंगावर चढव. बूटसुद्धा."

आमच्या हॉलमध्ये बूट घालून आजवर कुणी आलेलं नाही. प्लंबरही नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी बायकोकडे, आणि बायको आधीच स्टूल आणायला गेली होती.

मुलगी पॅड, गार्ड, हेल्मेट घालून हॉलच्या मध्यावर बोर्डावर उभी राहिली. मागे सोफ्याच्या गाद्या टाकायला मी धावलो तर आई म्हणाली, गाद्या नकोत, तू बाजूला हो. मग ती उठली, एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हाताचा अंगठा कुंकवात बुडवला, आणि हेल्मेटच्या कडेखाली त्या पोरीच्या कपाळावर टेकवून, ताईने त्या दिवशी लावला होता त्याहून जोरात, दाबला.

बोर्ड पुढे सुटला आणि सोफ्याखाली गेला. मुलगी मागे गेली. पण ती जाता जाता लहान होत गेली: गुडघे दुमडले, हनुवटी छातीशी, दोन्ही हात पोटाशी घेतलेले. आधी बसली, मग एका खांद्यावरून गोल फिरली, आणि टीव्हीच्या टेबलाअलीकडे उठून उभी राहिली. कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं.

आई तिच्याजवळ गेली. तिने मुलीच्या गार्डच्या पट्ट्या खरखर करत सोडवल्या, दोन्ही मनगटं हातात घेतली, एक एक करून वळवून पाहिली. दाबून पाहिली. भाजी घेताना बघते तशी.

"कुणी शिकवलं?" तिने विचारलं.

"आजी, पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. गवतावर. बोर्ड नंतर देतात."

आई माझ्याकडे वळली. मी प्लास्टरकडे बघितलं.

"जा," आई मुलीला म्हणाली. "पण आधी खडे बघून घे. आणि मी येणार आहे."

स्केटपार्कमध्ये आम्ही दोघं कठड्यालगतच्या बाकावर बसलो होतो, आईच्या अंगावर शाल, मांडीवर मुलीच्या पाण्याची बाटली. मोठा रॅम्प मला त्या पंपाच्या खोलीमागच्या उतारापेक्षा खूपच उंच वाटला. पण तो उतारही तेव्हा मला उंचच वाटायचा. मुलगी वर गेली. तिने रॅम्पची वाट एकदा चालून पाहिली, काहीतरी उचलून बाहेर टाकलं. मग आली. अर्ध्यापर्यंत सुंदर आली, आणि अर्ध्यावर बोर्ड तिच्या पायाखालून निसटला.

ती गुडघ्यांवर घसरत, पॅडांवर, खालपर्यंत आली आणि हसत उठली. ते मी नंतर पाहिलं. त्या क्षणी मला एवढंच जाणवलं की माझा हात कुणीतरी धरलाय. ती पडताना इकडे बाकावर माझा प्लास्टरातला डावा हात आपोआप ताठ होऊन पुढे कठड्याकडे गेला होता, आणि आईने तो मधेच पकडून आपल्या मांडीवर ओढून घेतला होता.

"हात मागे," ती म्हणाली. मुलगी बोर्ड उचलून पुन्हा वर चालली होती, आणि ती पूर्ण वर जाईपर्यंत आईने काही माझा हात सोडला नाही.